माळ्यावरची बंदूक पानिपतची आहे का?

वाचकाचं पत्र: 'भोर तालुक्यातल्या आमच्या जुन्या वाड्याचं छप्पर उतरवताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक लांब बंदूक सापडली. नळी मोजली, साधारण ३९ इंच भरली. घोडा एका लहानशा बोंडावर आपटतो. घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर मागच्या पायांवर उभा असलेला, पुढच्या पायांत मुकुट धरलेला सिंह कोरला आहे. दस्त्याच्या टोकाला पितळी पत्रा असून त्यावर "४२" असा मराठी आकडा आहे. आजोबा सांगायचे की आपले पूर्वज पानिपतावर लढले, तेव्हाची ही बंदूक. चुलतभाऊ म्हणतो, घासूनपुसून जुन्या बाजारात नेऊ, किंमत तरी कळेल. बायको म्हणते, पोलिसांत द्या आणि मोकळे व्हा. बंदूक अजून गावीच आहे. मोबाईलवर काढलेले फोटो सोबत पाठवतो. ही खरंच पेशवाईतली आहे का? आणि अशी बंदूक कुठली, कधीची, हे ओळखायचं कसं?' — एक वाचक, सहकारनगर, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमची बंदूक पानिपतची नाही. पण ती टाकाऊही नाही, आणि तिची स्वतःची हकिगत चांगलीच वाचण्यासारखी आहे. ती सांगतोच, त्याआधी एक काम करा. हे पत्र वाचून होईपर्यंत गावी फोन करून सांगा, की बंदुकीला कोणी हात लावू नये, घोडा ओढून बघू नये आणि मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये.

कारण ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीत पूर्वी भरलेला बार तसाच राहिलेला असू शकतो. रानडुकरांच्या भीतीने लोक बंदूक भरून कोपऱ्यात उभी करत, मग माणूस गेला की ती तशीच माळ्यावर जाई. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनंतरही पेटते. तपासायची रीत सोपी आहे, पण ती जाणत्या माणसाच्या हातून व्हावी. आधी बोंडावर, म्हणजे निपलवर, घोड्याच्या आघाताने पेट घेणारी तांब्याची टोपी बसलेली नाही ना ते बघायचं. मग नळीच्या तोंडासमोर चेहरा किंवा हात येणार नाही अशा बेताने बांबूची सरळ, बारीक काठी आत सोडायची. ती जिथे टेकते तिथे, तोंडाशी, काठीवर पेन्सिलीने खूण करायची. काठी बाहेर काढून तीच खूण तोंडाशी जुळवत नळीच्या बाहेरून धरायची. काठीचं टोक निपलच्या जवळपास पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. ते उंदराने कोंबलेलं गवतही असेल, पण बंदूक भरलेली आहे असंच समजायचं. मग खरवडणं, ठोकणं, पाणी ओतणं, उन्हात ठेवणं यातलं काहीही करायचं नाही. ते काम पोलिसांच्या शस्त्रागारातल्या माणसाचं.

आता सिंहाकडे येऊ. मुकुट धरलेला हा उभा सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा. कंपनीने तो आपल्या बंदुकांवर १८०८ पासून कोरायला सुरुवात केली. त्याआधीच्या बंदुकांवर बदामाच्या आकाराची खूण असे. त्या बदामाचे चार भाग पाडून त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरं बसवलेली असत आणि वर इंग्रजी चारसारखं चिन्ह असे. १८५८ मध्ये कंपनीचं राज्यच संपलं. म्हणजे ही पट्टी १८०८ ते १८५८ या पन्नास वर्षांतली. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं. पेशवाई १८१८ ला बुडाली. तेव्हा ही बंदूक पेशवाईच्या अखेरच्या काळातली असूही शकते, पण घडवली इंग्रजांसाठी.

३९ इंची नळी याच्याशी जुळते. 'इंडिया पॅटर्न' नावाने ओळखल्या जाणाऱ्या मस्कीटची, म्हणजे शिपायाच्या लांब बंदुकीची, नळी ३९ इंच आणि आतला व्यास पाऊण इंच. तुमच्या नळीचं तोंड आतून मोजा. १९ मिलिमीटरच्या आसपास आलं तर आणखी एक दुवा मिळाला.

तुमच्या तिसऱ्या फोटोत मला सगळ्यात जास्त आनंद देणारी गोष्ट दिसली. घोड्याच्या पुढे, पट्टीवर, दोन बारीक वर्तुळं आहेत. पटकन पाहिलं तर गंजाचे डाग वाटतील, पण ती बुजवलेली भोकं आहेत. चकमकीच्या बंदुकीत तिथे पोलादी झडप आणि तिची स्प्रिंग स्क्रूने बसवलेली असते. घोड्याच्या तोंडात गारगोटी असते, ती झडपेवर आपटून ठिणगी पडते आणि खालच्या वाटीतली रंजक, म्हणजे बार पेटवणारी चिमूटभर दारू, पेटते. टोपीच्या बंदुकीला झडप लागत नाही, वाटीही लागत नाही. ब्रिटिश सैन्यात टोपीची पद्धत सर्रास आली ती १८४० च्या सुमारास. त्या वेळी जुन्या चकमकीच्या बंदुका मोडीत न काढता पुष्कळ ठिकाणी बदलून घेतल्या. झडप काढली, भोकं बुजवली, नळीच्या कानाच्या, म्हणजे जाळ आत जायच्या भोकाच्या, जागी निपलसाठी लोखंडी ढेकूळ बसवलं आणि घोडा नवा लावला. तुमच्या बंदुकीचं हेच झालेलं आहे. म्हणजे ती जन्मली चकमकीची आणि नंतर झाली टोपीची. 'ही बंदूक कधीची' या प्रश्नाला म्हणूनच तुमच्याकडे दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही खरी.

जुन्या बंदुकांच्या बाबतीत लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एक खूण सापडली की तीच अख्ख्या बंदुकीची जन्मकुंडली समजतात. प्रत्यक्षात नळी, लॉक (म्हणजे घोडा, पट्टी आणि आतली यंत्रणा) आणि दस्ता यांचा मुलूख आणि काळ वेगवेगळा असू शकतो. जुन्या बुलेटचं इंजिन एका गाडीचं, चासी दुसऱ्या गाडीची आणि टाकी मंडईतल्या मेकॅनिकने बसवलेली असते, तसं. हिंदुस्थानात चांगल्या नळीला फार मोल होतं. दस्ता मोडला, लॉक बिघडलं, तरी नळी फेकत नसत, नवीन लाकडात बसवत. म्हणून प्रत्येक भाग वेगळा वाचायचा आणि ते एकमेकांशी जुळतात का ते मग बघायचं.

नळीच्या खुणा बहुधा मागच्या टोकाशी, डाव्या अंगाला किंवा वरच्या बाजूला असतात. पण महत्त्वाच्या खुणा पुष्कळदा नळीच्या पोटाला, लाकडात झाकलेल्या असतात. लॉकच्या पट्टीची आतली बाजूही बघण्यासारखी असते. तिथे कारागिराची अक्षरं, जुळणीसाठी कानशीने मारलेल्या रेघा सापडतात. दोन भागांवर तशाच रेघा असतील तर ते भाग पहिल्यापासून एकत्र होते असं मानायला जागा आहे. मात्र हे खोलण्याचं काम तुम्ही करू नका. जुने स्क्रू अडकलेले असतात, साध्या पेचकसाने त्यांची डोकी फुटतात आणि एकदा फुटलेलं डोकं पुढच्या प्रत्येक जाणकाराला शंका घ्यायला लावतं.

पुण्यात अनेक घरांत आजोबांच्या शिकारीच्या दुनळी बंदुका आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विलायतेत नळीची परीक्षा घेऊन शिक्का मारायची सक्त पद्धत होती. मुकुटाखाली गुंफलेली जी-पी अक्षरं आणि मुकुटाखाली व्ही हे लंडनचे शिक्के. मुकुटासह एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आणि बी-पी-सी, व्ही ही अक्षरं बर्मिंगहॅमची. तिथलं परीक्षागृह १८१३ मध्ये कायद्याने उभं राहिलं आणि १९०४ मध्ये त्यांचे शिक्के बदलले. लंबगोलात ई-एल-जी आणि खाली तारा दिसला तर नळी बेल्जियममधल्या लिएजची, आणि त्या लंबगोलावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. कित्येक दुकानदार बेल्जियममधून माल आणून त्यावर आपलं इंग्रजी नाव घालत. म्हणून वरचं झोकदार नाव वाचून थांबायचं नाही, नळीचा शिक्का शोधायचा.

पानिपतच्या काळातली मराठी फौजेतली बंदूक कशी असेल? बहुतेक वेळा तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटवायची. लांब नळी, बऱ्याचदा चार फुटांच्या पुढची. सडसडीत सरळ दस्ता, जणू काठीच. नळी दस्त्याला तारेच्या किंवा चामड्याच्या वेढ्यांनी आवळलेली. बाजूला पट्टी नाही की मोठा घोडा नाही. लाकडातल्या खाचेतून एक वाकडा लोखंडी चिमटा वर येतो, त्यात जळता तोडा धरायचा, आणि चाप ओढला की तो पुढे झुकून रंजकेला टेकतो. नळीच्या उजव्या अंगाला कान आणि रंजकेची छोटी वाटी. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींकडे विलायती धाटणीच्या चकमकीच्या बंदुका होत्या, पण तोड्याची बंदूक आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं टिकली. ती स्वस्त होती, गावचा लोहार दुरुस्त करू शकत होता आणि गारगोटीसाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं.

तोड्याच्या बंदुकीतही मुलूख ओळखता येतो, तो दस्त्यावरून. सिंधकडचा दस्ता मागे रुंद आणि खाली वळलेला, माशाच्या शेपटीसारखा पसरट. कोडगूचा, म्हणजे कुर्गचा, दस्ताही ठळक वळणाचा. उत्तरेकडचा आणि राजस्थानचा सरळ, बारीक, कधी हस्तिदंताच्या पट्ट्या बसवलेला. नळीवरची लाटांसारखी नक्षी ही वेगवेगळं लोखंड आणि पोलाद पिळून, ठोकून केलेल्या कामाची असते. वाघाच्या पट्ट्यांची नक्षी आढळली तर टिपूच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्याचा विचार करायचा, पण अतिशय सावधपणे. टिपूच्या नावाने खोट्या वस्तू विकणाऱ्यांची कमी नाही.

महादजी शिंद्यांची आठवण इथे काढल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या फौजेसाठी सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली आग्र्याला तोफा आणि विलायती धाटणीच्या बंदुका घडत होत्या. विलायती वळणाची बंदूक दिसली म्हणजे ती विलायतेतच घडली असं नव्हे, आणि आपल्याकडे घडली म्हणजे कमअस्सल असंही नव्हे.

आता तुमचा '४२'. देवनागरी आकडा पाहून आपल्याला लगेच मराठेशाही आठवते. पण बंदुकीवरचा असा सुटा आकडा बहुधा मालकाच्या कोठारातला अनुक्रमांक असतो, घडवणाऱ्याचा नव्हे. बिकानेरच्या शस्त्रागारात ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले देवनागरी लेख असलेली दख्खनची हत्यारं आहेत. तिथले राजे अनुपसिंह यांनी ती दक्षिणेतल्या मोहिमेतून, अदोनीहून नेली. लेख बिकानेरचा, हत्यार दख्खनचं. तुमच्याकडे प्रकार उलटा आहे. हत्यार कंपनीचं आणि आकडा आपल्या मुलखातला. भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. संस्थानाच्या शिबंदीकडे, म्हणजे पगारी शिपायांकडे, कंपनीच्या जुन्या बंदुका असणं आणि त्यातली एखादी पुढे चाकरी केलेल्या घराकडे येणं अगदी शक्य आहे. भिंगातून आकड्याच्या खाचा पहा. आजूबाजूच्या पितळेइतकीच त्यांच्यातही काळपट थर बसलेला असेल तर आकडा जुना. खाच आतून चकचकीत पिवळी असेल तर अलीकडची.

देवनागरीच्या बाबतीत नेपाळ विसरू नका. नेपाळने इंग्रजी नमुन्याच्या बंदुका स्वतः घडवल्या आणि त्यांवर देवनागरीत पलटणीची नावं आणि संवत कोरले. या शतकाच्या सुरुवातीला काठमांडूच्या जुन्या कोठारातला मोठा साठा बाहेर विकला गेला, तेव्हापासून त्या जगभर फिरत आहेत. तुमच्या बंदुकीवर दोन आकड्यांपलीकडे काही नाही, म्हणून मी तिला तिकडची म्हणत नाही.

आणि चार अंकी आकडा असला तर आधी कालगणना कोणती ते ठरवा. १९१४ वाचून पहिलं महायुद्ध डोळ्यांपुढे येतं, पण तो विक्रम संवत असेल तर ते साल निघतं १८५७. १२०७ हा हिजरी असेल तर १७९२-९३, फसली असेल तर १७९७-९८, आणि सुहूर सन असेल तर १८०६-०७. एकाच आकड्यात चौदा वर्षांचा फरक पडतो, आणि त्या चौदा वर्षांत इथली राज्यं इकडची तिकडे झाली.

चुलतभावाला माझा निरोप द्या, की घासूनपुसून हा शब्द डोक्यातून काढून टाकायचा. पितळी पत्र्याला पितांबरी लावायची नाही, चिंच लावायची नाही, लोखंडाला पॉलिश पेपर लावायचा नाही. लाकडाला वॉर्निशही नको. सिंहाची रेघ आधीच पुसट आहे, एक हात जोरात फिरला तर तो सिंह गेला आणि त्याच्याबरोबर तुमचा पुरावाही गेला. असं चकचकीत केलेलं, सगळ्या खुणा गुळगुळीत झालेलं हत्यार कुणी समोर ठेवलं की पोटात तुटतं. मऊ कोरड्या फडक्याने धूळ टिपायची, बास.

जुन्या बाजाराबद्दल माझ्या मनात प्रेम आहे. बुधवार-रविवार तिथे रमणाऱ्यांपैकी मी एक आहे. पण बंदूक ही तिथे नेऊन भाव विचारायची वस्तू नाही. बेकायदा आहे, हे एक. दुसरं म्हणजे अशा बाजारांत दिवाणखान्यात टांगायच्या नव्या 'जुन्या' बंदुका येतात आणि त्यांच्यावरून तुमच्या बंदुकीचा भाव ठरेल. त्या ओळखू येतात. नळी म्हणजे साधा पाइप, आतून सांध्याची रेघ असलेला. स्क्रूला अधिकच्या चिन्हाची खाच. पट्टीवर 'टॉवर' हा लंडनच्या सरकारी शस्त्रागाराचा शब्द लिहिलेला, पण अक्षरं वेडीवाकडी आणि इंग्रजी एन उलटा. मुकुटाखाली व्ही-आर आणि त्याखाली साल १९०७. राणी व्हिक्टोरिया १९०१ च्या जानेवारीत वारली, तिच्या नावाने १९०७ ची बंदूक कशी निघेल? पाकिस्तानात, अफगाण सरहद्दीकडच्या दर्रा आदमखेलला बनलेल्या नकलांत असली सालं हमखास सापडतात. मात्र दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच लोहाराने केलेली 'टॉवर'ची नक्कल ही वेगळी गोष्ट. तिला मी मान देतो, कारण तीही त्या काळाची साक्ष आहे.

वहिनींचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पोलिसांना कळवायचंच. पण देऊन मोकळं व्हायची घाई नको. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण एका अटीवर: ते हत्यार दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं असलं पाहिजे. 'शंभर वर्षांची आहे, मग परवाना कशाला' हा समज चुकीचा आहे. तुमची टोपीची बंदूक दुरुस्त होण्याजोगी आहे की नाही, ते घरात बसून ठरवता येणार नाही. वाडा ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो तिथे लेखी कळवा: केव्हा, कुठे, कोणासमोर सापडली, लांबी किती, खुणा कोणत्या. फोटो जोडा आणि पोच घ्या. शस्त्र कायद्याची कामं करणाऱ्या वकिलाला आधी अर्ज दाखवलात तर उत्तम. तुमचं गाव ग्रामीण हद्दीत असल्याने परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे. पुणे शहरात तो पोलीस आयुक्तांकडे असतो. तोवर बंदूक गाडीच्या डिकीत टाकून पुण्याला आणू नका. आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, त्यामुळे परदेशातल्या कुणी मोठ्या रकमेचं आमिष दाखवलं तरी ती देशाबाहेर धाडता येत नाही.

याच निमित्ताने आजोबांच्या ट्रंका उघडा. मावळात आणि कोकणात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने पुष्कळांकडे होते. त्यावर एसबीएमएल अशी चार इंग्रजी अक्षरं असतात, म्हणजे एकनळी, तोंडातून भरायची. असा एखादा पिवळा पडलेला परवाना, संस्थानाची सनद, नेमणुकीचा कागद मिळाला तर कायद्याच्या कामात तो उपयोगी पडेल आणि '४२' चं कोडंही सुटू शकेल. कागद मोडी लिपीत असतील तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, वाचून देणारे जाणकार तिथे भेटतील. आणि एक दिवस काढून केळकर संग्रहालयातली हत्यारं बघून या. आत्ता तुम्हाला काय बघायचं ते कळलंय, तेव्हा काचेपलीकडून घोडा, कान, दस्त्याचं वळण वेगळंच दिसेल.

आजोबांच्या गोष्टीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. तुमचे पूर्वज पानिपतावर गेले असतील तर ते या बंदुकीमुळे खोटं ठरत नाही. ती गोष्ट कागदांत शोधायची, बंदुकीवर लादायची नाही. संग्रहालयाला देताना 'पानिपतची बंदूक' अशी चिठ्ठी लावू नका. 'कंपनीची चकमकीची मस्कीट, पुढे टोपीची केलेली, भोर तालुक्यातल्या वाड्यात सापडलेली' एवढं लिहा, आणि खाली आजोबा काय सांगत ते त्यांच्या नावानिशी लिहा.

पोलिसांची पोच हातात आली आणि नळी रिकामी असल्याची खात्री झाली, की त्यांच्याच समोर आणखी तीन फोटो काढून पाठवा: पट्टीच्या मागच्या टोकाचा, कारण तिथे साल असू शकतं, नळीच्या मागच्या टोकाचा डावीकडून, आणि निपलखालच्या ढेकळाचा. मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा आणि विजेरी बाजूने, तिरपी धरा. पुसट खुणा तशाच उठून येतात.